दाराच्या रंगाची एकतारी

मी एकतारीला ऑइलपेंट दिला होता. निळा. एकावर एक दोन हात.

हे एकदा लिहून टाकलं की हलकं वाटेल असा माझा अंदाज होता, तो चुकला. पण सुरुवात इथूनच करायला हवी, कारण आमच्या गावात, रोहण्यात, माझी ओळख अजूनही याच गोष्टीवरून करून देतात. लग्नघरी एखादी नवी सून माझ्या पाया पडायला आली, की तिची सासू तिच्या कानात काहीतरी सांगते आणि ती पोर तोंडाला पदर लावून हसते. मी समजते, रंगाची गोष्ट हिच्यापर्यंत पोचली.

मी तेव्हा काही अल्लड पोरगी नव्हते. साठीला टेकलेली, दोन नातवंडांची आजी, आणि स्वतःला अख्ख्या आळीत सगळ्यांत हुशार समजणारी बाई होते. मुलानं आदल्या दिवाळीला घराची दारं रंगवली होती, त्यातला अर्धा डबा माळ्यावर उरला होता. ब्रश वाळून दगड झालेला, म्हणून जुन्या बनियनचा बोळा केला. भोपळा रंगवला, दांडी रंगवली, खुंटी रंगवली. भोपळ्याच्या तोंडावरचं कातडंही रंगवलं. तारेला लागला तो तेवढा पुसून काढला. तितकी अक्कल होती मला.

ती एकतारी आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं केलेली होती. ह्यांचं आर्वी रोडवर सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिन आणि खाली पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. दिवसभर हात काळे करायचे आणि गुरुवारी संध्याकाळी ते साबणानं घासून मारुतीच्या पारावर भजनाला बसायचं. ह्यांचा गळा चांगला होता. हे मी ते हयात असताना कधी कबूल केलं नाही.

माझं लग्न माघात झालं. सासरी आले त्या दिवसांतल्या मला दोनच गोष्टी स्पष्ट आठवतात. एक, ह्यांची एकतारी. पाहुणे होते तोवर रोज संध्याकाळी वाजायची, आणि मी आतल्या खोलीत बसून विचार करायची, की ह्या माणसाला एकच सूर येतो आणि तोही सोडवत नाही, आपलं कसं व्हायचं. दुसरी गोष्ट म्हणजे वास. घरात आंबूस, ओलसर असा वास यायला लागला होता. भांडी पाहिली, माठ पाहिला, मोरी घासली, तरी वास जाईना. माहेरी गेले तेव्हा आईजवळ रडले, "त्या घराले वास येते वो माय." आई म्हणाली, "सासरचं घर हाय ते. सवय होईन."

शिमग्याच्या सुमाराला वास गेला. मला वाटलं, झाली बुवा सवय. त्याच सुमाराला खुंटीवरची एकतारी दिसेनाशी झाली होती आणि उन्हाळ्यात ह्यांनी दुसरी करायला घेतली. पहिलीचं काय झालं, ते मी विचारलं नाही. नवऱ्याला प्रश्न विचारायचे नाहीत असं मला कोणी शिकवलं नव्हतं. मला विचारायचा कंटाळा होता. उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं मी धरूनच चालायची. ही खोड पुढे फार महाग पडली.

दुसरी एकतारी माझ्या डोळ्यांसमोर तयार झाली. ह्यांचे एक लहानपणापासूनचे मित्र होते, भजनात टाळ वाजवायचे. मी त्यांना भाऊजी म्हणते. दोघं परसातल्या कडुनिंबाखाली बसले. चांगला घागरीएवढा वाळका कडू भोपळा होता. त्याचं डोकं करवतीनं उडवलं, आतला जाळीसारखा गर आणि बिया खरवडून काढल्या. बोकडाचं कातडं पाण्यात भिजवून तोंडावर ताणलं, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलं आणि कडेनं बांबूच्या बारीक खिळ्या ठोकल्या. बांबूची दांडी आरपार घातली. बाभळीची खुंटी. आणि तार कुठली, तर सायकलच्या ब्रेकच्या वायरमधली एक पीळ सोडवलेली. मी चुलीपुढून ओरडले, "ब्रेकची तार लावली, आता तरी थांबन का हे टुंग टुंग?"

भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे थांबाची नाई. तुम्ही थकान."

पहिल्या वर्षी तिचा आवाज कोरा होता, नव्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. रंग पिवळट. मग चुलीच्या धुरानं ती तांबूस झाली, पुढे कॉफीसारखी, आणि ह्यांचा तळवा जिथं टेकायचा तिथं काळा, गुळगुळीत डाग पडला. कडेच्या खिळ्यांतल्या काही पडल्या, तिथं ह्यांनी मेण भरलं. दांडीला बारीक चीर गेली, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली. उंदरानं एकदा कातड्याची कड कुरतडली. त्या उंदरासाठी हे हातात चप्पल घेऊन माळा, कोनाडे, धान्याच्या कोठ्या धुंडत फिरले. माझी साडी कुरतडली होती तेव्हा म्हणाले होते, "त्याले बी पोट हाय."

पावसाळ्यात कातडं सैल पडायचं आणि आवाज बसायचा. मग हे गुरुवारी दुपारी माझ्या चुलीशी येऊन बसायचे आणि एकतारी शेकायचे, लहान लेकराची टाळू शेकतात तशी. मी फुंकणी आपटून म्हणायची, "मी इथं धुरात डोळे फोडून राह्यली, ते दिसत नाई. तिचं अंग गरम हाय का, ते पाहून राह्यले."

"तिले बोलता येत नाई," हे म्हणायचे. "तुले येते."

भोपळ्याच्या पाठीला आवाज बाहेर पडायला एक भोक ठेवलं होतं. एका गुरुवारी मी त्यातून मूठभर हरभरे आत सोडले. पारावर भजन सुरू झालं आणि एकतारी खुळखुळायला लागली. भाऊजी टाळ थांबवून म्हणाले, "अरे, हिले काय घुंगरू बांधले का?" सगळा पार हसला. हे घरी आले. मी जेवायला बसले होते. त्यांनी एकतारी माझ्या ताटावर उलटी धरून हलवली, हरभरे पडले आणि म्हणाले, "घे, उसळ कर." त्या रात्री मी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसले. आज वाटतं, किती सुखाचे दिवस होते आणि मी त्यांतले निम्मे तणतणण्यात घालवले.

एकतारी जुनी होत गेली तसा तिचा आवाज भरत गेला. पहिला कोरेपणा जाऊन त्यात घूम आली. पारावर वाजवली तरी आमच्या परसात ऐकू यायची. आणि त्याच वर्षांत ह्यांचं तोंड बंद होत गेलं.

खर्रा. आमच्याकडे पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून देतात, सुपारी, चुना आणि तंबाखू. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एक पुडी काढायचं आणि ह्यांच्यापुढे करायचं. आधी तिखट खाववेना, मग भाकरीचा मोठा घास जाईना. भजनात आ लावायला गेले की आ चपटा यायचा. डॉक्टरनं तोंड उघडायला सांगून बोटं आत घालून पाहिली, तेव्हा तीन बोटं जायला हवीत तिथं एक जेमतेम गेलं. घरी येताना एसटीत मी विचारलं, "आता तरी सोडता का?" हे म्हणाले, "सोडतो." आणि फाट्यावर उतरून लघवीच्या निमित्तानं ठेल्यामागे गेले.

शेवटी गालात गाठ आली. सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. एका बाजूचं जबड्याचं हाड आणि जिभेचा बराच भाग गेला. छातीवरचं मांस काढून गालाला लावलं होतं. ह्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खाटेच्या दांड्याला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "बरं दिसून राह्यलं." ते माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत राहिले ती नजर मी विसरत नाही. खोटं मला कधी जमलं नाही.

बोलणं गेलंच. घशातून नुसते आ-ऊ असे आवाज यायचे, त्यांतले काही मला कळायचे, बाकी कोणालाच नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या हे उजव्या हाताचं पहिलं बोट हवेत वाकवायचे. मला वाटायचं जवळ बोलावून राहिले. मी जाऊन वाकायची, हे मान हलवायचे आणि पुन्हा तेच. पाणी दिलं, चादर दिली, पंखा कमी केला. भाऊजी भेटायला आले, त्यांनी एकदा पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले.

"वहिनी, तार छेडून राह्यला तो."

ह्यांच्या पायाला हात लावून भाऊजी म्हणाले, "गळा गेला त जाऊ दे. बोट हाय ना? गाईन मी, वाजव तू. गुरुवारी तुझ्याशिवाय बसत नाई आपण." हे रडले नाहीत. पण त्या दिवसापासून नळीतून जाणारं दूध पूर्ण घ्यायला लागले. घरी जायचं, पारावर बसायचं, एवढीच एक गोष्ट त्यांना हवी होती. जगात त्यांच्यासाठी आता आवाज उरला होता तो त्या भोपळ्यात.

हे सगळं मला कळत होतं. कळूनच मी घरी आले, मुलाला दवाखान्यात ठेवून. म्हटलं, हे येतील तेव्हा एकतारी तयार असावी. खुंटीवरून काढली आणि उजेडात धरली. काळी पडलेली, मेणाची ठिगळं, ट्यूबची पट्टी, उंदराचे दात. एकदम ह्यांचा चेहराच आठवला, टाके घातलेला. मनात आलं, माणूस असा झाला, निदान ही तरी धड दिसू दे. मग माळ्यावरचा डबा काढला.

रंग वाळायला दोन दिवस लागले. मी ती पांढऱ्या भिंतीवर टांगली आणि लांब उभी राहून पाहिली. फार सुंदर दिसत होती. देवाशपथ सांगते, फार सुंदर.

ह्यांना ऑटोतून आणलं. तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळलेला. भाऊजी सोबत होते. हे दारात थांबले, भिंतीकडे पाहिलं. मी पुढे होऊन म्हणाले, "पाहा, नवी केली." हे खाटेवर बसले, दोन्ही हातांनी एकतारी घेतली, मांडीवर उभी धरली, कान दांडीला लावला आणि तार छेडली.

ठप.

खुंटी पिळली, पुन्हा छेडली. ठप. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा आवाज. रंग कातड्यात मुरून ते पत्र्यासारखं झालं होतं आणि भोपळ्याच्या अंगातही बसला होता. भाऊजींना आधी हसू फुटलं. "अवो वहिनी! दाराचा रंग एकतारीले? कडी लावाची राह्यली का मंग?" मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या घशातून कसलातरी आवाज येत होता. हसत होते की दुसरं काही, ते त्या तोंडावरून सांगता येत नव्हतं. मी विचारलंही नाही.

भाऊजींनी कातडं काढून नवं चढवलं. आवाज आला, पण घोगरा. म्हणाले, भोपळ्यावरचाही रंग काढावा लागतो. हे काचेचा तुकडा घेऊन रोज अंगणात बसायचे आणि खरवडायचे. निळे पापुद्रे त्यांच्या धोतरावर पडायचे. मी म्हणायची, मी करते. ते माझा हात बाजूला सारायचे. वैशाखातलं ऊन, भोपळा आतून चाळीस वर्षांचा, पापडासारखा झालेला. एका दुपारी मोरीत भांडी घासत असताना मला आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. बाहेर आले. भोपळ्याचे दोन तुकडे ह्यांच्या दोन हातांत होते.

मुलानं नागपूरहून तयार एकतारी आणली. चकचकीत, लाकडावर फुलं कोरलेली. ह्यांनी ती एकदा वाजवून पाहिली आणि नातवाच्या हातात दिली. भाऊजींनी मोबाइलवर तंबोऱ्याचा सूर लावून दाखवला, "हे पाय, थकत बी नाई." ह्यांनी बोटानं फोन बंद केला. हट्टच म्हणा. पण ज्यांचा गळाच त्या एका भोपळ्याच्या सुरात मुरलेला होता, त्यांना दुसरा सूर परक्याच्या घरात झोपल्यासारखा वाटत असणार. गुरुवारी हे पारावर जायचे आणि मांडीवर रिकामे हात ठेवून बसायचे. मग जाणंही बंद केलं.

तेव्हा भाऊजींनी त्यांच्या शेताच्या कुंपणावरच्या कडू भोपळ्याच्या बिया आणून दिल्या. माझ्या ओंजळीत टाकताना म्हणाले, "वहिनी, आता नीट आइका. वेलाले शेणखत घाला. भोपळा वेलावरच जून होऊ द्या. मंग काढून धुरावर टांगा. हलवला का आतल्या बिया खडखड वाजल्या पायजे. वाजल्याशिवाय कापू नका. भाजी त अजिबात करू नका, कडू हाय, दोघं बी जान."

"मी एवढी बावळट हाय का?"

"निळ्या रंगानं पोट भरलं नाई का अजून तुमचं?"

मृगाचा पाऊस पडला तशा बिया लावल्या. वेल न्हाणीच्या टिनावर चढवला. मी त्या वेलाची जितकी सेवा केली तितकी सासूचीही केली नव्हती. पोळ्याला पांढरी फुलं आली. ती संध्याकाळी उमलतात. हे खुर्ची टाकून समोर बसायचे. बरीच फळं गळाली, एक धरलं, मोठं झालं. दसऱ्याला ते घागरीएवढं होतं. हे त्याच्याखाली उभे राहायचे आणि बोटाच्या पेरानं ठोकायचे, कान लावायचे. मला त्यांच्या डोळ्यांवरून कळायचं, मनात कातडं चढवून झालंय, तार लावून झालीय.

दिवाळीनंतर मानेत गाठ आली. पुन्हा सेवाग्राम. किरणांसाठी खेपा घातल्या, मग डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा. मुलानं मला सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती. भोपळा तेव्हा वेलावरून काढून मी स्वयंपाकघरात आढ्याला टांगला होता. पांढुरका, जड, वरून टणक आणि आत अजून ओला.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गणित होतं. आधी हा वाजला पाहिजे, मग ह्यांना वाजवता येईल. रोज सकाळी मी भोपळा खाली काढायची, ह्यांच्या खाटेशी न्यायची आणि त्यांच्या कानापाशी हलवायची. हे डोळे मिटून ऐकायचे. आवाज नाही. मी परत टांगायची. भाऊजी तेव्हा हिंगणघाटला मुलीकडे गेले होते, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. जाताना म्हणाले होते, "शिमग्यापर्यंत वाजन. मी आलो का करू."

माघात ह्यांचं खाणं थांबलं. एका सकाळी मी भोपळा हलवला तेव्हा ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पोटावर ठेवला आणि हाताची कड त्याच्यावर करवतीसारखी फिरवली. घशातून आवाज काढला, "का... का..." मला बरोबर कळलं. काप म्हणत होते.

"थांबा ना," मी म्हटलं. "अजून कच्चा हाय."

त्यांनी मान हलवली. हाताची कड पुन्हा फिरवली.

"भाऊजी का म्हणून गेले? वाजल्याशिवाय कापाचा नाई. एक खराब केली ना मी? हा नाई खराब करत."

हे माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आजारी माणूस, लेकरासारखा हट्ट करून राहिला. मी त्यांच्या कपाळावर हात फिरवला आणि भोपळा उचलून नेला. त्या हातांना जोर नव्हता, सहज सुटला. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी आवाज काढला नाही, नुसती खुंटीकडे, जिथं जुनी टांगलेली असायची तिकडे, बोट दाखवलं आणि मग भोपळ्याकडे. मग डाव्या हाताची बोटं पसरून हलवली, थोडे, थोडे, असं काहीतरी. मी म्हटलं, "हाव, थोडेच दिवस राह्यले. वाजनच आता." आणि मला वाटलं, मी त्यांना धीर दिला.

जन्मभर नको त्या गोष्टीत घाई करणारी बाई मी. एकदाच काय ती शिस्तीनं वागले.

त्याच आठवड्यात ते गेले. पहाटे मी चूल पेटवायला उठले होते. आत येऊन पाहते तर उजव्या हाताचं पहिलं बोट चादरीवर वाकलेलं होतं. पारावरचे लोक आले, टाळ वाजवत नेलं. एकतारी नव्हती. कोणीतरी मोबाइलवर तंबोरा लावला आणि रस्त्यात बॅटरी संपली.

भाऊजींना डॉक्टरनं प्रवासाला मनाई केली होती, तेरवीलाही येता आलं नाही. मी भोपळा आढ्यालाच ठेवला. खाली काढायचं कारण उरलं नव्हतं. शिमग्याच्या आदल्या दिवशी घर झाडताना त्याला केरसुणी लागली आणि तो खडखडला. मी केरसुणी टाकून खालीच बसले. मग उठले, पुन्हा हलवला. खडखड, खडखड. ते माझे हरभरे आठवले. हसू आलं आणि मग ते थांबवता येईना, शेजारीण धावत आली.

होळीनंतर भाऊजी आले, डोळ्याला काळा चष्मा. दारातून आत आले आणि ह्यांची खाट जिथं होती तिथं हातानं चाचपल्यासारखं केलं. मग मी भोपळा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"वाजला, भाऊजी. आता वाजला. हे दोन-तीनदा म्हणे, काप. मी कापू नाई देला. तुम्ही सांगून गेलते ना, वाजल्याशिवाय कापू नका. आजारी माणसाचं आइकलं असतं त हा बी खराब झाला असता."

भाऊजींनी चष्मा काढला. भोपळा मांडीवर घेतला, हलवला, आतल्या बियांचा आवाज ऐकला आणि खाली ठेवला. मग ते जे बोलले ते असं होतं:

"वहिनी, चाळीस वर्षं वाजवाची असन त वाळवा लागते. तुमच्या लग्नात जे एकतारी वाजे ना, ते कच्च्याच भोपळ्याची होती. लग्नाची घाई होती, म्हणून आम्ही दोघायनं माघातच कापला होता. आठ-पंधरा दिवस काय मस्त वाजली, मंग सडली, घरभर वास सुटला होता तुमच्या. तो तेच सांगून राह्यला होता तुम्हाले."